उंच केलेली पिकअप

रवि. ७ जुलै, गावी
सकाळच्या बसनं गावी आलो. नांदेडच्या ट्रॅक्टर-पार्टच्या दुकानात आठवडाभर उभं राहून पाय भरून आलेत. बायकोनं, शकूनं, जेवताना सांगितलं, बुधवारी बाजाराला भाजी नेताना पिकअप शेतरस्त्यात फसली होती. दोन्ही चाकोऱ्यांच्या मधला मातीचा उंचवटा पोटाला लागला. हिनं चाकाखाली तुराट्या टाकल्या, फोर-बाय-फोरचा गियर लावला नि एकटीनं काढली. सांगताना हसत होती. मी म्हणालो, "गाडी खालीच हाय आपली. उंच करावी लागतीय." ती म्हणाली, "निघाली की वो!"
मागच्या आठवड्यात दुकानाच्या वसुलीला किनवटला गेलो होतो. तिथं दिनकर नावाच्या गिऱ्हाइकाची गाडी बघितली. आपलंच मॉडेल, आपल्याइतकंच जुनं. पण काय उंच! चाकं ट्रॅक्टरला शोभतील अशी. तीच डोक्यात फिरून राहिली.

मंगळ. ९ जुलै, नांदेड
गाडी घेऊन आलो. शकूला म्हणालो ब्रेकचं काम आहे. ब्रेकचं काम होतंच थोडं. खोटं म्हणता येणार नाही.
रहीमभाई मेस्त्रींनी गाडीखाली डोकं घालून बघितलं. म्हणाले, "पाटे बदलना, नीचे गुटके डालना, बडे टायर. भाऊ, शेर दिखेगी!" मलाही शेरच पाहिजे होता.

शनि. १३ जुलै
झाली! स्प्रिंगचे नवे जाड पाटे, त्यांच्याखाली लोखंडी गुटके, लांब शॉकअप, मोठे टायर. पुढचं चाक पूर्ण वळवलं की मडगार्डला घासत होतं, तेवढा पत्रा कापला. दुकानासमोर उभी केली तर मालकसुद्धा बाहेर येऊन बघून गेले. चौकातली दोघं-तिघं टायरवर हात फिरवून गेली. स्टेअरिंग जड झालंय, आधीच पॉवर स्टेअरिंग नाही. तिसऱ्या गियरला इंजिन दमल्यासारखं वाटतं. सवय होईल.
शकूला सांगितलं नाही. उद्या दारात नेऊन उभी करायची.

रवि. १४ जुलै, गावी
हॉर्न वाजवला. शकू हात पुसत बाहेर आली.
"कुणाची वो ही?"
"आपलीच!"
तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मागं जाऊन फाळक्यावर हात ठेवला. आधी फाळका तिच्या कमरेला यायचा, आता छातीला. म्हणाली, "क्रेट कसं चढवायचं?"
"माणूस लावू की एक."
"रोज सकाळी माणूस कुठनं आणू?"
मग पदर खोचला नि चढायला लागली. पहिल्यांदा पाय घसरला, दुसऱ्यांदा आरशाचा दांडा धरून चढली. मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आली. उतरताना उडीच मारावी लागली. "जड झालीय," एवढंच म्हणाली. मी म्हणालो सवय होईल.
गल्लीतल्या पोरांना मात्र लई आवडली.

गुरु. १८ जुलै, नांदेड
शकूचा फोन. कोथिंबीर नि मिरची घेऊन लातूरला गेली होती.
"कशी चालली गाडी?"
"पोचले."
पुढं तिनं बाजाराचंच सांगितलं. मी खोदून विचारलं नाही.

रवि. २१ जुलै, गावी
मामींना, म्हणजे शकूच्या आईला, लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. दवाखाना आज चालू असतो. पहाटेच मुरुडला त्यांच्या घरी गेलो. दरवेळी शकू एकटीच जाते, आज मीही सोबत. म्हटलं गाडी मी चालवतो.
मामींचे गुडघे गेलेले. स्टूल आणला, त्यावरूनही पाय पोचेना. मी खालून उचलू लागलो, शकू वरून हात धरून. मामी मध्येच लटकल्या. त्यांना हसू फुटलं, "जावईबापू, देवीचा गड चढायला लावता का काय मला?" शेजारच्या बायकाही हसल्या. शकू हसली नाही. तिनं आईला हळूच खाली घेतलं, लुगडं नीट केलं नि रस्त्यावर जाऊन वडापची जीप थांबवली. दोघी जीपमधून गेल्या. मी रिकामी गाडी घेऊन त्यांच्या मागं मागं.
दवाखान्यात बाकावर शकूशेजारी बसलो. ती म्हणाली, "दर महिन्याला आणते मी हिला. गाडीत बसली की मुरुडपासून लातूरपर्यंत बोलत असते. घरात न्हाई बोलत एवढं."
हे मला माहीत नव्हतं.

शुक्र. २६ जुलै
दुकानात असताना गावाकडच्या शेजाऱ्याचा, मल्हारीचा फोन. "दादा, वहिनीला काय झालं न्हाई, आधी ते सांगतो." मग पुढचं. लातूरच्या अलीकडच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली. बाभळीला टेकून राहिली म्हणून पूर्ण उलटली नाही.
बसमध्ये उभा राहून आलो. काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

शनि. २७ जुलै, गावी
शकूचं मनगट सुजलंय. हाड शाबूत आहे. हळद लावून चूल बघत बसली होती, स्वयंपाक मल्हारीच्या बायकोनं केला.
दुपारी स्वतःहूनच बोलली. "कुत्रं आडवं आलं. पहिली गाडी असती तर काढली असती बाजूनं. हिला वळवली, तर वळायच्या आधी कलली. मागं टमाट्याचे क्रेट. सगळं वजन एका अंगाला गेलं."
मी म्हणालो, "चुकलंच माझं. उद्याच नेतो नांदेडला, परत खाली करून आणतो. होती तशी."
तिनं माझ्याकडं बघितलं. "परत मला न इचारताच?"
मी उठून अंगणात गेलो. गाडी ओढून आणून ठेवली होती, एका बाजूचं दार आत गेलेलं, हौद्यात टमाट्याचा चिखल. बादली घेऊन धुवत बसलो. वास जाईना.

बुध. ३१ जुलै, नांदेड
गाडी इकडं आणली. रहीमभाई दार काढून ठोकून राहिले. जुने पाटे विचारले तर म्हणाले भंगारात गेले. दुसरे बघावे लागतील. "बताओ भाऊ, नीचे करना क्या?"
"थांबा," म्हणालो. त्यांना वाटलं मला गाडी उंचच आवडते. हसले.

रवि. ४ ऑगस्ट, गावी
बसनं आलो. शकूचा माल सध्या मल्हारीच्या टेम्पोतून जातो. त्याच्या वेळेनं जावं लागतं, पोचेपर्यंत बाजार निम्मा उठलेला असतो. तक्रार नाही तिची. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.
पारावर एक म्हातारे भेटले. "शकूची गाडी दिसंना कुठं?"
शकूची गाडी. गावात सगळे असंच म्हणतात म्हणे. कागद माझ्या नावावर, आठवड्यातनं एकदा मी ती धुतो, आणि मी समजत होतो गाडी माझी. तिनं ती चालवत चालवत गावातली बाकीची भाजीसुद्धा बाजाराला नेली, कुणाची बाळंतीण आणली, आईला फिरवलं. मला फक्त ती फसली एवढंच ऐकू आलं. तुराट्या टाकून काढली, हे ऐकूनसुद्धा.
रात्री तिचं मनगट शेकून दिलं. "जमतंय मला," म्हणाली. पण हात काढून घेतला नाही.

शनि. १० ऑगस्ट, नांदेड
दार बसलं. रंग थोडा वेगळा आलाय. पाटे तसेच, टायर तसेच. रहीमभाईंनी कुठून तरी जुन्या पाट्यांचा जोड आणून ठेवलाय, म्हणाले मन झालं की सांगा. उद्या गाडी घरी घेऊन जाणार. वाटेत वळणं आली की हळू घ्यायची.

रवि. ११ ऑगस्ट, गावी
शकू ओसरीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. समोर बसलो. सकाळपासून मनात घोळवलेलं सगळं विसरलो.
"गाडीचं काय करायचं? तू सांग. खाली करायची, इकायची, का दुसरं काही. तू म्हणशील ते."
तिनं जुडीला सुतळी गुंडाळली. "तुमाला काय वाटतं?"
"मला वाटलं ते करून बसलो की."
यावर हसली का काय, नीट दिसलं नाही, मान खाली होती. "सांगते," म्हणाली.
दिवसभर वाट बघितली. जेवण झालं, भांडी झाली, मल्हारी येऊन गेला. काही नाही. दुपारी एकदा ती गाडीजवळ गेली होती. पुढच्या चाकाला हात लावून उभी होती, मग मनगट गोल फिरवून बघत राहिली. मी खिडकीतून बघत होतो, बाहेर गेलो नाही.
पाचला निघायची वेळ झाली. गाडी परत रहीमभाईंकडं न्यावी लागेल असं धरून पिशवी घेऊन तिकडं वळलो, तर दारातून म्हणाली, "तुम्ही बसनं जावा."
"आणि गाडी?"
"चाबी ठेवून जावा."
खाली करणार, इकणार, का आहे तशीच चालवणार, विचारावंसं लई वाटलं. चाबी तिच्या हातावर ठेवली आणि स्टँडकडं निघालो.