मनगटावरचं लोढणं

चि. धाकट्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. बेकरीत केकवर नावं लिहिताना हात थरथरतो, एवढंच. मालकीण म्हणते, "अक्षरांना लाटा छान आल्यात." तिचं डोंबल! आईचे गुडघे काय म्हणतात?

मालकिणीनेच मला डॉक्टरणीकडे पिटाळलं. कापाकापी नको म्हटलं, तर बाईंनी सल्ल्यांचं दुकानच मांडलं. मनगटाला जड पट्टा बांधा, कोपर टेबलाला टेकवा, कॉफी सोडा. कॉफी सोडा म्हणे! स्वतः समोर बसून ढोसत होती. आणि पट्टा कसला, लोढणंच ते. दीडशहाणी कुठली!

तिला खोटं पाडायला म्हणून पट्टा बांधून, कोपर टेकवून लिहिलं. मेलं नाव सरळ आलं.

निघताना तिने विचारलं होतं, "घरात आणखी कुणाचा हात थरथरतो? हे पुष्कळदा घराण्यातून येतं." मी फणकाऱ्याने नाही म्हटलं. घरी येऊन तू पाठवलेला फोटो नीट पाहिला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरलायस. गारठा होता म्हणू नकोस, अंगात नुसता बनियन आहे.

सोबत दुसरा पट्टा पाठवतेय. मुकाट्याने बांध.

तुला पुरती ओळखणारी,
ताई