पाळण्याचं वजन

१८ नोव्हेंबर २००१, कळंब

पोहोचलो एकदाचे. परवा भाऊबीज उरकली, आज भोसरीची खोली सोडली आणि टेंपोत अर्धा संसार, अर्धी हत्यारं भरून इथं आलो. कंपनीनं पॅटर्न शॉप बंद केलं, तेव्हा हातात चौदा वर्षांची कारागिरी आणि पाच कोऱ्या डायऱ्या उरल्या. त्यातली ही पहिली. ओतकामाचे लाकडी साचे करणारा माणूस मी, केसाएवढा फरक खपवून न घेणारा. आता गावात पाट आणि पलंग करणार म्हटल्यावर मेहुणे हसले. हसू देत.

घरमालक गेणभाऊ लई बोलका माणूस आहे. त्यानं दोन खोल्या दिल्यात आणि पुढं लांबलचक पडवी. आधी तिच्यात कांदा ठेवायचे, वास अजून आहे. पण तुळई काय जाड आहे! हत्ती टांगला तरी वाकायची नाही. इथंच माझा कारखाना.

शीलाला सातवा लागलाय. पहिली दोन पोटातच गेली, त्यातला एक मुलगा होता असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणून यावेळी माहेरी गोळेगावला न पाठवता मंचरच्या दवाखान्याजवळ राहायचं ठरवलंय. तिनं लेण्याद्रीच्या गणपतीला बोललंय, मी डॉक्टरवर भरवसा ठेवलाय. दोघांपैकी एक तरी लागू पडेल.

२७ नोव्हेंबर

जम बसतोय. दोन चौरंग आणि एक देव्हारा गेला. आज शेजारच्या मळ्यातल्या प्रयागबाई आल्या. सत्तरीच्या असतील, पण चाल माझ्यापेक्षा तरतरीत. नातसुनेचे दिवस भरत आलेत, पाळणा हवाय. लोखंडी मंचरला ढिगानं मिळतो, पण त्यांना सागाचाच पाहिजे.

जाता जाता दारात थांबून बजावलं, “पावणं, झाला की पयला त्यात वरवंटा निजवा, मंग हालवा. रिकामा हालवू नका, न्हाई म्हंजी न्हाई.” बारशाला वरवंटा आधी घालतात ते मला ठाऊक आहे, पण सुताराला कुणी ही अट घातलेली ऐकली नव्हती. मी मान हलवली.

९ डिसेंबर

पाळणा झाला. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण असा पाळणा या तालुक्यात झाला नसेल. कड्यांमध्ये पितळेच्या गुळगुळीत चकत्या बसवल्यात. एकदा झोका दिला की चार मिनिटं दहा सेकंद हलत राहतो. घड्याळ लावून मोजलं.

वरवंट्यानं पॉलिशला ओरखडे जातील, आणि त्याच्या वजनानं झोक्याचा अंदाजही चुकेल. चकत्या झिजतात का ते बघायला रोज दुपारी तासभर रिकामाच हलवतोय. हात हलला की तोंडही हलतं. आज चक्क अंगाई गुणगुणत होतो आणि त्या पोटातच गेलेल्या पोराचा विचार मनात आला. शीलानं आतून विचारलं की कुणाला निजवताय. मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या मालाला.

१६ डिसेंबर

चार मिनिटं दहावरून तीन मिनिटं वीसवर आलाय. कड्या उतरवून पाहिल्या, झीज नाही. दोऱ्या बदलल्या, तरी तेच. शेवटी कंपनीतून आणलेला स्प्रिंगचा काटा तुळईला लावून पाळणा पुन्हा तोलला. पहिल्या दिवशी अकरा किलो दोनशे होता. आज अकरा नऊशे.

लाकूड ओल धरतं हे मला कुणी शिकवायला नको. पण डिसेंबरच्या कोरड्या हवेत सातशे ग्रॅम?

१९ डिसेंबर

प्रयागबाई पाळणा न्यायला आल्या. त्या आल्या तेव्हा तो हलत होता. मी तेव्हा हात लावलेला नव्हता. त्यांनी विचारलं, रिकामा हालवला का. खोटं बोलायची सवय नाही, सांगून टाकलं. बाई भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. फक्त पाळण्यात न बघता मागं सरल्या, म्हणाल्या, आमाला नको, आणि निघून गेल्या.

राग आला. दहा दिवसांची मेहनत! मग शीलाला म्हटलं, आपल्यालाच झाला की.

४ जानेवारी २००२

बारा किलो आठशे.

आत मऊ दुपटं घडी करून घातलं होतं. आज पाहिलं तर मधोमध खळगा पडलाय, माझ्या दोन तळव्यांएवढा. हात ठेवला. ऊब होती. ऊन तिथवर येत नाही. पत्र्याची धग असेल म्हणून स्वतःची समजूत घातली आणि दिवसभर बाहेर ओट्यावर बसून काम केलं. खरं सांगायचं तर भ्यायलो.

२७ जानेवारी

मुलगी! चोवीस तारखेला मंचरला झाली. दोन किलो सहाशे. दोघी सुखरूप. शीला रडली, मी रडलो, गेणभाऊनं पेढे वाटले. आता बाकी सगळं खोटं.

४ फेब्रुवारी

बारसं झालं. नाव समृद्धी ठेवलं.

पाळण्यातच घालायचं हा माझाच हट्ट. वरवंटा घातला, बायकांनी नाव घेतलं, मग शीलानं पोरीला आत ठेवलं. मधोमध ठेवलं, मी पाहत होतो. भरलेल्या गादीवर आणखी एक जण येऊन पडला की कसा काठाशी जातो, तशी ती सरकली. आपोआप. कठड्याला चेपली गेली आणि असा टाहो फोडला की शीलानं झडप घालून उचलली. अंगणातल्या बायका उठल्या. कुणी पदर सावरला, कुणी चप्पल शोधली. घुगऱ्या तशाच राहिल्या.

वरवंटा जमिनीवर पडला होता. पडल्याचा आवाज कुणीच ऐकला नाही.

११ फेब्रुवारी

समृद्धी आमच्यापाशी झोपते, पडवीत आणतच नाही. शीलाला दूध भरपूर आहे, पोरगी पितेही पोटभर. तरी वजन दोन किलो तीनशे. डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले, काळजी करू नका म्हणाल्या.

घरी येऊन पाळणा तोलला. बारशापासून तीनशेनं वाढलाय. पोरगी बारशापासून तीनशेनं उतरली आहे. पुन्हा तोललं. तीनदा तोललं.

१३ फेब्रुवारी

दुपारी पडवीत कड्या करकरल्या आणि आत शीलाच्या चोळीला दुधाचे डाग उमटले. समृद्धी शांत झोपलेली होती. शीला म्हणाली, बाहेर रडतंय ते तुम्हाला ऐकू येत नाही का. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

तोडायचा ठरवला. आपल्या हातानं केलेलं आपल्या हातानं मोडावं. पायथ्याच्या दांडीला करवत लावली. दोन ओढी झाल्या असतील. आतून समृद्धी अशी ओरडली की —

धावत गेलो. डाव्या पोटरीवर लाल रेघ. दोन रेघा, एकीवर एक. रक्त आलं नाही, पण रेघा करवतीच्या दातांच्या होत्या. मी दात ओळखतो.

जाळायचं मनातसुद्धा आणणार नाही.

१६ फेब्रुवारी

समृद्धी दोन किलो शंभर. दंडाची कातडी सैल पडलीय.

प्रयागबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. वरवंटा परत घालू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “आता वरवंट्यानं काय व्हनार? जागा भरली ना.” कोण आहे ते विचारलं. कुणाचं का असंना, झोका दिला त्याचं ते झालं, तुमी बोलावलंत, त्याला वाटलं हे घर आपलं, असं म्हणाल्या. लेकरू आहे, वाढणारच, घरात ज्याचं मिळंल त्याचं घेईल. मी विचारलं की माझं घेईल का. बाईंनी माझ्या हातांकडं पाहिलं. मग सांगितलं की दोरी हातात धरून सतत हलवत राहिलात तर दुसऱ्या कुणाकडं जायचं नाही. रडू द्यायचं नाही, एवढंच.

कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

दोन दिवस दोरी मनगटाला बांधून बसलोय. झोपेतही हात हलतो.

समृद्धी दोन किलो शंभर. उतरली नाही! शीलाला ओरडून सांगितलं. गेणभाऊच्या कांद्याच्या काट्यावर मी एकसष्ट होतो, आज एकोणसाठ. हा सौदा मला मंजूर आहे.

२० फेब्रुवारी

दोघींना गोळेगावला सासूबाईंकडं पाठवलं. जवळ नकोच. गेणभाऊ एसटीत बसवून आला. जाण्याआधी शीला पडवीच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. तिनं विचारलं, आपलाच आहे का तो. मी म्हटलं, माहीत नाही. तिला जाववत नव्हतं. मीच जा म्हणून ओरडलो.

२८ फेब्रुवारी

गेणभाऊच्या घरी शीलाचा फोन आला होता. समृद्धी दोन किलो नऊशे! हसते म्हणे.

मी बावन्न. गेणभाऊ दारातून भाकरी सरकवतो. त्याला वाटतं मला क्षय झालाय, “राव, चला की दवाखान्यात” म्हणून रोज मागं लागतो. पाळण्याकडं तो बघत नाही. पाळणा वीस किलो.

बाकी मी मजेत आहे. हात दुखतो, एवढंच.

७ मार्च

हलवलं नाही की दोरी ओढली जाते. आतून.

गप्प राहावं म्हणून बोलत राहतो. गोष्टी संपल्या. मग शीलाचं सांगतो, समृद्धीचं सांगतो. लेण्याद्रीच्या पायथ्याचं गोळेगावचं घर, दारातलं चिंचेचं झाड, नारायणगावला गाडी बदलून कसं जायचं. ऐकताना दोरी सैल पडते. त्याला ते आवडतं.

कधी कधी मलाही बरं वाटतं. कधी कधी बाळा म्हणतो.

१२ मार्च

कठड्यावर दातांच्या खुणा. दोनच. खालचे.

सागावर.

१५ मार्च

चव्वेचाळीस. उभं राहिलो की पडवी फिरते.

कठड्याच्या वरच्या कडेचं पॉलिश गेलंय, चार-चार बोटांएवढं, दोन ठिकाणी. धरून उभं राहत असणार. पाळणा मध्येच एका बाजूला कलतो आणि तसाच थांबतो. मी दिसावा म्हणून.

समृद्धी तीन किलो चारशे. तीन किलो चारशे. हेच घोकतो.

१८ मार्च

आज दुपारी मी बोलायचा थांबलो तेव्हा एक शब्द ऐकू आला. मी बोललो नव्हतो.

आई, म्हणालं.

मी पुन्हा सांगितलं. चिंचेचं झाड, सगळं. काय करू — रडलं असतं —

१९ मार्च, सकाळ

डोळा लागला होता. हात हलतच होता. झोका हलका लागला —

चार मिनिटं हलत राहिला. मोजलं. अकरा किलो दोनशे. अकरा दोनशे.

गेला. सुटलो असं वाटलं. देवाशप्पथ, हसलो.

मग खाली बघितलं. भुशात पावलं. पाळण्यापासून दारापर्यंत. उघडी, पाच बोटांची. पाळण्यापाशी माझ्या बोटाएवढी. दाराशी तळव्याएवढी. ओट्यावरच्या धुळीत त्याहून —

मीच वाढवलं. चालता येईपर्यंत वाढवलं. पत्ता मी दिला —

गेणभाऊचं घर बंद. बाजाराला गेलाय. फोन आत वाजतोय. थांबला. पुन्हा वाजतोय —

रस्त्यापर्यंत रांगत आलो. पावलं हायवेला लागलीत. नारायणगावच्या बाजूला. उठवत नाही. साडेनऊची एसटी समोरून निघून गेली —

दोन गेली तिची. तिला आधीपासून रडणं ऐकू येतं. मला कधीच आलं नाही, तिला येतं. सासूबाईसुद्धा तिला अडवू शकणार नाहीत. दाराबाहेर लेकरू रडतंय म्हटल्यावर शीला