तीन पायांच्या खुर्चीची शेवटची व्यवस्था

सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवून ठेवते, कारण जिवंतपणी ती कोणी ऐकलेली नाही. विद्यापीठात आमच्या विभागातल्या माझ्या खोलीची खिडकी नऊ वर्षं पूर्ण उघडत नाही आणि पूर्ण मिटतही नाही. अर्ज देऊन हात दुखले. अख्ख्या मानवजातीचा अभ्यास करणाऱ्या विभागाला एक बिजागरी बसवणारा मानव सापडत नाही, हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. वय त्रेपन्न, अविवाहित, धंदा मानववंशशास्त्र, म्हणजे लोकांच्या घरी बसून लोकांच्या घराबद्दल लिहिणे. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

कलम एक. राहता फ्लॅट भाचीला. तिच्या बापाला नाही, कारण "आमची ताई लोकांच्या घरात डोकावायचा पगार घेते" असं माझा हा सख्खा भाऊ चारचौघांत सांगतो. भाचीकडे कोण येतं-जातं याची चौकशी वहिनीने करू नये. तो धंदा घरात एकीने केला तेवढा पुरे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक विभागाच्या ग्रंथालयाला. आधी खिडकी, मग पुस्तकं.

कलम तीन. टेपरेकॉर्डर त्या सहकाऱ्याला, जो प्रत्येक चर्चासत्रात "प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण" म्हणून पाऊण तास खातो. त्याची सगळी निरीक्षणं त्यात भरलेली आहेत. त्याने ती एकदा सलग ऐकावीत. शिक्षा म्हणून नव्हे, न्याय म्हणून.

कलम चार. आता खुर्ची.

तरुणपणी संशोधनासाठी मी एका गल्लीत वर्षभर भाड्याने राहिले. घरमालकीण मावशी, त्यांचा थोरला मुलगा, सून. त्यांच्या दाराशी एक लाकडी खुर्ची होती आणि तिच्यावर कोणी म्हणता कोणी बसत नसे. पाहुणे आले तरी उभे राहत, पण तिला टेकत नसत. मी महिनाभर वहीत नोंदी केल्या, मग थोरल्याला विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे." झालं. मी कै. थोरल्या पिढीचं रिकामं आसन, उंबरठा आणि सत्ता, अनुपस्थितांचा मान यांवर सव्वादोनशे पानं लिहिली. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं.

मावशींना मी काहीच विचारलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात असत आणि सत्तेचा अभ्यास मी बाहेरच्या खोलीत करत होते.

गेल्या वर्षी सहज विचारलं. मावशी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, पाय मोडलाय तिचा. नुसता टेकवून ठेवलाय. सुताराकडे ने म्हणून थोरल्याला दोन वर्षं सांगत होते. मग तुझं पुस्तक आलं, आणि तो हातच लावू देईना."

थोरल्याचंही खरं आहे. पाहुणीसमोर आपला आळस कोण कबूल करेल? आता खुर्चीभोवती फीत आहे, विद्यार्थी येऊन फोटो काढतात, आणि त्या जोरावर थोरला गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. मावशी मात्र दाराशी उपड्या डब्यावर बसतात. गुडघे गेलेत. उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात दुपारी एकच असतं.

कलम पाच. वरील सत्याचा कबुलीजबाब मी लखोट्यात बंद केला असून तो माझ्या मृत्यूनंतर विभागप्रमुखांनी उघडावा व खुर्ची दुरुस्त करून मावशींना द्यावी.

हे कलम मी रविवारी मावशींना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं. त्यांनी मांडीवरचं शेंगा पाखडायचं सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे तू मरायची वाट मी बघायची?"

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मी ऐंशीची, तू पन्नाशीची. शिकलेली आहेस ना? कर हिशेब."

केला. कलम पाच रद्द.

लखोटा सोमवारी सकाळी स्वतःच विभागप्रमुखांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला की, प्रश्नपत्रिका छापून झाली आहे, खुर्चीला दहा गुण आहेत, त्यांचं काय करायचं. माझ्या प्राध्यापकपदाचं काय, हे त्यांनी पुढच्या बैठकीवर ढकललं. ढकलू देत.

दुपारी सुताराला घेऊन गेले. थोरला फितीपुढे आडवा उभा राहिला. म्हणाला, "ताई, अध्यक्षपद जाईल माझं." मी म्हटलं, तू थाप मारलीस, मी छापली, दोघांनी मिळून तुझ्या आईला डब्यावर बसवलं. तुझं पद जाईल, माझंही जाईल, पाय तेवढा येईल. त्याने फितीची गाठ ओढून पाहिली, ती सुटेना. मग म्हणाला, कात्री आत आहे, आणतो.

सुताराला कामाला वीस मिनिटं लागली. मला त्या खुर्चीला सव्वादोनशे पानं लागली होती.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी बजावलं आहे. त्यात अडचण नाही. मावशींना माझ्याकडून काहीही मिळत नाही. खुर्ची मुळात त्यांचीच.

स्थळ : मावशींचं दार
दिनांक : नऊ, मंगळवार, सकाळ

लिहून देणार : सही

साक्षीदार १ : सुतार, सही
साक्षीदार २ : मावशी, सही (बसून केली)