समोरून वारा होता

बीदर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय भुवनाक्का,

शरणु शरणार्थी.

तू, भाऊजी आन पोरं मजेत असाल. अव्वाचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी मन्नाएखेळ्ळीच्या दुकानात ती अप्पांशेजारी जाऊन बसतीच. तिनंच तुझा निरोप सांगितला. "शिवलीलाला होड्या आन तारांपुढं बहीण दिसत न्हाई. फोन उचलायचा नसंल तर नुसते मेसेज पाठवू नको म्हणावं." मेसेज बंद म्हणून हा कागद घेतला.

होड्या आन तारा, दोन्ही खरं आहे. सोमवार ते शुक्रवार मी इथल्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असते. शनिवार दुपारपासून कॉम्प्युटर. तू हसशील, पण माझी खोली आता दुरुस्तीच्या दुकानासारखी दिसायलीय. भंगारातून आणलेले दोन जुने कॉम्प्युटर मी जिवंत केलेत. गुंपा भागात राहणाऱ्या भार्गवीच्या घरी आम्ही पाच-सहाजण जमतो, कुणी रेडिओ जोडतं, कुणी घड्याळ. भार्गवी पॉलिटेक्निकला शिकवती, पण तिथं कुणी कुणाचं मास्तर न्हाई.

रविवारी पहाटे स्कूटर काढून कारंजा धरणावर. तिथल्या आमच्या नौकानयन मंडळात बायकांची एक होडी आहे. चौघी वल्हवतो आन सौम्या नावाची पोरगी मागच्या टोकाला आमच्याकडं तोंड करून बसती. दिशा ती धरती, हाका ती देती. मी तिच्यापासून सगळ्यात लांब, पुढच्या टोकाला. वल्हवणाऱ्या मागं तोंड करून बसतात, म्हणून बाकी तिघींच्या पाठी माझ्यासमोर. आता पाणी काठोकाठ आहे. वल्ह्यानं पाणी कापलं की होडी जी सरकती ना अक्का, ते तुला एकदा दाखवायचंय.

महिनाअखेर शर्यत आहे. हैदराबादच्या दोन होड्या, कलबुर्गीची एक, आन आमची. पण मी असंन का न्हाई, ठाऊक न्हाई. आमचे श्रीहर्ष सर, रिटायर झालेले खेळाचे शिक्षक, आज सगळ्यांसमोर म्हणले, "दोनदा थांबा म्हणलं, तू वल्हवतच राहिलीस. ही पोरगी ऐकतच न्हाई! तुझं डोकं त्या तारांत आहे. वल्हं तरी धर, न्हाईतर तारा तरी धर."

एक वस्तू करायला घेतलीय, ती चालली तर दोन्ही धरता येतील. कसली वस्तू ते आत्ता लिहीत न्हाई. तुझ्या घरभरणीबद्दलही आत्ता न्हाई.

फोन करू नको. चार ओळी लिही.

तुझी,
शिवलीला


बीदर,
सोमवार, १ डिसेंबर २०२५

प्रिय अक्का,

शरणु शरणार्थी. आधी निकाल, मग बाकीचं. आम्ही पहिल्या आलो! हात इतके दुखायलेत की अक्षर वाकडं आलंय, पण आलो!

आता तुझ्या पत्राचं उत्तर. खरंच चारच ओळी लिहिल्यास. "घरभरणीत सगळ्या सासरच्यांसमोर तुला हाका मारल्या, तू वळूनही पाहिलं न्हाईस. पाण्यावर कुणाचं ऐकतीस, ते तरी कळव."

अक्का, मी ऐकलंच न्हाई. मला ऐकू येईना झालंय.

दोन वर्षांपासून हळूहळू चाललंय. हैदराबादच्या डॉक्टरांनी नसेचं कारण सांगितलं, गेलेलं परत येणार न्हाई म्हणले. कानात यंत्र घालते, केसांआड दिसत न्हाई. खोलीत समोर बसून कुणी बोललं तर भागतं. फोनवर नुसती खरखर. तुझ्या घरात त्या दिवशी भांडी, पोरं, भजन, सगळं एकच होऊन कानात घोंगावत होतं. तू मागून हाक मारलीस, ते मला अव्वाकडून दुसऱ्या दिवशी कळलं. अव्वालाही तेव्हा कारण सांगितलं न्हाई. तुला कळलं असतं तर तू रडली असतीस, आन तुझं रडणं बघून मला खरं वाटलं असतं. मला ते खरं वाटायला नको होतं.

पाण्यात ते यंत्र घालता येत न्हाई. म्हणजे होडीत मी पुरती बहिरी. पुढच्या तिघींच्या पाठी बघून वल्हवायची. पण पाठ हलल्यावर आपण हललो की तेवढा उशीर होतोच.

म्हणून ती वस्तू. सौम्याच्या अंगठ्याला बांधलेलं एक बटण, आन माझ्या मनगटाला पट्टी. बटण दाबलं की पट्टी थरथरती. बंद पडलेल्या मोबाइलमध्ये थरथरायची जी छोटी मोटर असती, ती काढून बसवली. एकदा थरथरली तर लय धरा, दोनदा तर जोर लावा, लांब थरथरली तर थांबा. पहिली पट्टी पाण्यानं मेली. दुसरी चालायची, पण बटणामागून अर्धा सेकंद उशिरा, आन अर्ध्या सेकंदात वल्हं वल्ह्यावर आपटतं. दोन शनिवार भार्गवी आन मी त्या प्रोग्रामशी भांडलो. शेवटी तिनं बटण दाबलं आन माझं मनगट तिच्या बोटाबरोबरच थरथरलं. मी तिला उचलूनच घेतलं.

पुढच्या रविवारी सरांना खरं सांगितलं. ते म्हणले,

"मी तुला बेशिस्त म्हणायलो. आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही मला काठावर बसवलं असतं."

"व्हय, बसवलं असतं." मग पट्टीकडं बोट केलं. "सौम्याच्या जागी मी बसतो. तोंडातून शब्द काढणार न्हाई. चुकलीस तर खरंच काठावर."

ते बसले. तोंड मिटून, नुसतं बटण. मी एकदाही चुकले न्हाई. उतरताना म्हणले, "जागा तुझीच."

आता काल. सरांनी पट्टी आधीच पंचांना दाखवून परवानगी घेतली होती. अप्पा काठावर आले होते. त्यांना मी शनिवारीच सगळं सांगितलं. अप्पांनी अव्वाला सांगितलं, आन आता तुला मी सांगायले. ते दुकान बंद करून आले, अक्का! लग्नाकार्याशिवाय कधी बंद केलंय त्यांनी?

निम्म्या वाटेपर्यंत आम्ही तिसऱ्या. मग समोरून वारा सुटला. सौम्या मागच्या टोकाला, तिचा आवाज वाऱ्यानं आणखी मागं नेला. शिवाय काठावर हलगी. मला पाठी दिसायल्या, तिघींची लय तुटायली. सौम्याचं तोंड पुरतं उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, आन कुणालाच काही कळंना.

माझ्या मनगटावर दोनदा थरथर. जोर लावा.

हे फक्त मलाच कळलं होतं. मी सगळ्यांच्या पाठीमागं, वारा माझ्याकडून त्यांच्याकडं. मी ओरडले, "जोर! आता! जोर!" माझा आवाज मला ऐकू आला न्हाई, नुसता छातीत जाणवला. पण तिघींच्या पाठी एकदम वाकल्या. थरथर आली की मी ओरडायची, मी ओरडले की वल्ही पडायची. कलबुर्गीची होडी बाजूला आली आन मागं गेली. मग हैदराबादची निळी होडी. तिच्या पोरींच्या पाठी माझ्या शेजारून मागं सरकताना बघितल्या, तेव्हा मी ओरडता ओरडता हसायले.

शेवटची खूण ओलांडली आन लांब थरथर आली. थांबलो. सौम्या दोन्ही हात वर करून रडायली होती.

काठावर सर सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या होडीतली हाक कुणाची होती, माहीत हाय का?" हैदराबादची एक पोरगी पट्टी बघायला आली, तिला मी पुढच्या शनिवारी बोलावलंय. अप्पा माझ्या समोर येऊन उभे राहिले आन ओठ अगदी हळू हलवून म्हणले, "ले-की, ब-घि-त-लं." मला यंत्र न लावता कळलं.

कानांचं गेलं ते गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. सकाळी चिमण्या दिसतात, ऐकू येत न्हाईत. पण आता लपवायचं कारण उरलं न्हाई. आज केस वर बांधून कामावर गेले.

संक्रांतीला मी तुझ्याकडं उदगीरला येणार. भाऊजींना सांग, पोरांना सांग, शेजारणींनाही सांग, बहीण बहिरी आहे म्हणून. हळू आवाजात सांगू नको.

जिंकून आलेली,
तुझी धाकटी बहीण
शिवलीला