मामाजींचे तीन स्टार

शनिवार, अमरावती

लोणच्याचं ऑनलाइन पेज सुरू केलं तेव्हाच घरच्यांना सांगितलं होतं, चार चांगले शब्द लिहा. अकोल्याच्या नणंदेने लगेच पाच स्टार दिले. माझ्या बहिणीनेही पाच. आणि सासऱ्यांनी, आमच्या मामाजींनी? तीन! वर लिहिलं, 'निंबाचं लोणचं चांगलं आहे, पण मीठ कमी आहे.' साऱ्या दुनियेसमोर!

चहा देताना म्हटलं, "मामाजी, घरचा माणूस असं लिहिते का? काढून टाका ते."

"खोटं काहून लिहू? तूच म्हणली, खाऊन सांगा. मी खाल्लं अन् सांगतलं."

मीठ कमी म्हणे! रोज दोन फोडी मागून घेतात, तेव्हा नाही वाटत कमी? भाजी चिरतानाही तेच डोक्यात. शेवटी नणंदेला फोन लावला, तुले कसं वाटलं? ती हसलीच. "अवं वहिनी, बरणी अजून उघडलीच नाई म्या."

मग मीच एक फोड नीट चाखली.

या खेपेला मीठ कमीच पडलंय. असंच पाठवलं तर बुरशी धरेल. उद्या तिवस्याला जाणाऱ्या बरण्या थांबवल्या. मामाजींना सांगायला जीभ काही वळली नाही. जेवताना त्यांच्या ताटात फोड वाढली आणि तिच्या शेजारी चिमूटभर मीठ ठेवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोड मिठाला लावून जेवू लागले.