तिसरं कडवं

केशवापूर, हुबळी
मार्च २००८

प्रिय श्रीहर्ष,

मोबाइल बंद ठेवून बसलायस, म्हणून हे पत्र. बेंगळुरूची ती गाणी काढणारी कंपनी फोन उचलू देत नसेल, पण पाकीट तर फोडू देईल? मला चैन पडत नाही. या खोलीतून त्या खोलीत फिरतेय आणि आई म्हणतेय, एका जागी बस की.

तुझं गाणं एफएमवर पहिल्यांदा लागलं त्या दिवसाची गंमत तुला नीट सांगितलीच नाही. या बडबडीला गाणं म्हणायचं का, असं विचारणारे आपले अप्पा रेडिओला कान लावून बसले होते. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि ठेका असा की आईची पोळी तव्यावर करपली. गाणं संपताच अप्पांनी फोन ओढून फर्माईश नोंदवली. मग धारवाडची आत्या, सप्तापूरचे भाडेकरू, सगळ्यांना कामाला लावलं. लग्नाची आमंत्रणं करावीत तसे फोन चालले होते. थोड्याच दिवसांत रिक्षावाल्यांच्या तोंडीही 'ऊठ हुबळी, ऊठ'.

आनंदाच्या भरात आमच्या ध्यानातच आलं नाही की रेडिओवाल्यांनी तिसरं कडवं कापलंय. भाजीवाल्या बायकांना रस्त्यावरून उठवलंत, तर त्यांनी भाजीची बुट्टी कुठे ठेवायची, हे विचारणारं कडवं. त्याच्यासाठीच तर तू गाणं लिहिलंस, त्या बायकांबरोबर धरणं धरलंस, पोलिसांच्या गाडीत चढलास. ते गेलं आणि मागे उरली नुसती गावाची आरती. आणि आम्ही शहाणे, तीच पुन्हा पुन्हा मागून घरोघरी पोचवली.

आता बाजार उठवायला निघालेल्या पुढाऱ्याच्या प्रचाराच्या रिक्षा तुझंच गाणं वाजवत फिरतात. काल मेथी घ्यायला तानूबाईकडे गेले. अळणावरहून येणारी, धरण्यात तुझ्या शेजारी बसलेली तीच. जुडी हातात दिली आणि खाली बघत म्हणाली, "अक्का, तुझा तम्मा श्रीहर्ष बी तिकडंच गेला काय?" फार लागलं रे. कापताना तुला विचारलं होतं की नाही, तू मान डोलावलीस की नाही, मला ठाऊक नाही. तेच मला खातंय.

उद्या संध्याकाळी श्रोत्यांचे फोन थेट ऐकवतात त्या कार्यक्रमात मी फोन लावणार आहे. आधी गोड बोलेन आणि मग तिसरं कडवं म्हणेन. ठेक्याशी माझं वाकडं आहे, तरी शब्द एकही सोडणार नाही. मध्येच तोडतील, तोडू देत. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. मग लोक तुला विचारतील, तुझी कंपनीही विचारेल, की हे कडवं तुझंच का? श्रीहर्ष, तेव्हा हो म्हण. एवढंच सांगायला लिहितेय. तू नाही म्हणालास, तर मी खोटी पडेन, तेही सोसेन. पण तानूबाईला मग काय सांगू?

तुझीच,
स्मृतीअक्का