मिठाच्या टबातलं हसू

प्रिय ताई,

तुझा मेसेज मिळाला, सोबत तुझ्या भिंगरीचा फोटोही. तू विचारतेस की ही पोरगी नखांच्या कडेचं कातडं ओढून ओढून रक्त काढते, ओरडलं तरी ऐकत नाही, तुझी ही सवय कशी सुटली ते कळव. ताई, सुटली कुठे? माझ्याकडे सल्ला मागणं म्हणजे दारुड्याला पथ्य विचारण्यासारखं आहे. पण तू विचारलंस आणि पोरगी आपली आहे, म्हणून जे ठाऊक आहे ते सगळं लिहितो. फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. एका वाक्यात मी चार गावं फिरून येतो आणि तेवढ्यात तुझं दूध उतू जातं. शिवाय हल्ली तुझा फोन कोण उचलेल याचा नेम नाही. म्हणून हे पत्र, तेही घरी नाही, तुझ्या शिलाईच्या दुकानावर. अक्षर कोंबडीचे पाय वाटेल, कारण उजव्या हाताला पट्टी आहे. त्याचंही सांगतो, पण त्याच्या आधी कोंबड्यांचं सांगायला हवं.

तू शेवटचं ऐकलंस तेव्हा मी गाड्या धुत होतो ना? ते सुटलं. मग रंगाच्या कारखान्यात होतो, तिथे महिनाभर माझी थुंकी निळी पडायची. आता, म्हणजे परवापर्यंत, कोंबड्या कापायच्या कारखान्यात होतो. वरून साखळी फिरते, तिला कोंबड्या पायांनी उलट्या टांगलेल्या. पहिल्या माणसाकडे येतात तेव्हा पंख फडफडवतात, माझ्याकडे येईपर्यंत सोललेल्या असतात. माझं काम सांधे मोडायचं. मांडी धरायची, उलटी पिळायची, कट् आवाज झाला की सुरी घालायची. सुरुवातीला स्वप्नात तो कट् यायचा. नंतर भाकरीचा तुकडा मोडला तरी आपोआप मनगट फिरायला लागलं. माणूस कशालाही सरावतो, हे काही चांगलं लक्षण नाही.

कारखान्याचा एक नियम आहे. ज्याच्या हाताला उघडी जखम, त्याने मांसाला हात लावायचा नाही. नियम बरोबरच आहे, पू कुणाला खायचाय? पण मुकादम एकेकाची बोटं तपासत बसत नाही. त्याने फाटकातच मिठाच्या पाण्याचा टब ठेवलाय. पाणी असं कडक की खाली न विरघळलेलं मीठ दिसतं. सकाळी रांगेने यायचं, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे आणि मुकादमाकडे बघायचं. ज्याचा चेहरा आकसला तो घरी. आता तूच सांग, बर्फाच्या पाण्यात दिवसभर हात घालून कुणाची नखं धड राहतील? सगळ्यांचीच सालपटं निघालेली, निम्म्यांना नखुरडं झालेलं. म्हणून आमच्यात एक रीत पडलीय. हात बुडवायचे आणि हसायचं. अगदी खदखदून. कारण कळ आणि हसू, दोन्हीत दात दिसतात. बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल, काय आनंदी लोक आहेत, कामावर हसत जातात! मुकादमाला सगळं ठाऊक होतं. तो म्हणायचा, 'हसा लेको, हसण्याचे पैसे कापत नाही मी.'

ही रीत मला मावशीने शिकवली. साखळीवर ती माझ्या शेजारी. सगळ्यांची मावशी, आवाज भोंग्यासारखा, हात फळीसारखे. पहिल्याच दिवशी माझी बोटं बघून म्हणाली, 'अरे मुडद्या, कोंबड्या सोलायला आलास की स्वतःला?' दुपारी तिने मला भिंतीशी बसवलं, गरम पाण्यात हात बुडवायला लावले आणि सालपटं मऊ झाल्यावर छोट्या कैचीने एकेक कापलं. ताई, हे नीट वाच, भिंगरीला उपयोगी पडेल. सुटलेलं कातडं कधी ओढायचं नाही, ओढलं की जिवंत कातडंही सोबत निघतं. ते कापायचं, मुळाशी, सरळ. नखाच्या बुडाशी जी पातळ झालर असते तिला हातच लावायचा नाही, ती नखाच्या दाराची फळी आहे, ती उखडली की आत सगळी घाण शिरते. मग तेलाचं बोट फिरवायचं. जे बोट जास्त सोललं जातं त्याला चिकटपट्टी. आणि खिशात गाठी मारलेली सुतळी ठेवायची. हाताला चाळा लागला की गाठी सोडायच्या, पुन्हा मारायच्या. तिखट लावू नकोस, कडू औषध लावू नकोस, मारू तर अजिबात नकोस. मी तिखट चाटून पुन्हा कुरतडायचो, आठवतंय ना?

मावशीने आणखी एक सांगितलं. 'ओढतोस कधी ते बघ. हात आपणहून काही करत नाही, त्याला कुणीतरी हाक मारतं.' मी लक्ष ठेवलं. भूक लागली म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून नाही. मागून बुटांचा आवाज आला की माझा अंगठा दुसऱ्या बोटाच्या कडेला जातो. बस्स. इतकी वर्षं, इतक्या गावांत, कुणाचेही बूट असोत.

आपण दोघं यावर कधी बोललो नाही. लहानपणचं घर, पुढच्या खोलीत अण्णांचा बाक. पंपांचे सुटे भाग, काळं ग्रीस, आणि बाकाच्या कडेला बोल्टांनी बसवलेला, भाग आवळून धरायचा तो वाइस. दोन लोखंडी जबडे आणि फिरवायचा दांडा. माझ्या बोटाला रक्त दिसलं की अण्णा म्हणायचे, 'आणा उंदराला.' बोट जबड्यात ठेवायचे आणि दांडा फिरवायला तुला बोलवायचे. 'बापाचा धडा बहिणीच्या हातून शिकला तर जन्मभर विसरणार नाही,' म्हणायचे. आत आई नळ पूर्ण सोडायची आणि तांब्यावर तांब्या आपटत भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. आणि तू, ताई, काय नाटकी होतीस! ओठ चावून, मान ताठ करून असा जोर लावायचीस की वाटावं आता वाइसच मोडणार, आणि दांडा फिरायचा कसाबसा अर्धा. मग बाकाखाली तुझा पाय माझ्या पायावर पडायचा. ती खूण. पाय दाबलास की मी गुरासारखं ओरडायचं. अण्णांचं समाधान व्हायचं, ते सिगारेट पेटवायचे, नळ बंद व्हायचा. आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की माझी बोटं खरोखर चिरडली जातात. तिला सांगायला हवं होतं आपण.

एकदाच त्यांना संशय आला. तुला ढकलून त्यांनी स्वतः दांडा धरला. तेव्हा पाय दाबायला तू नव्हतीस, आणि खूण लागलीही नाही. डावा अंगठा. नख आधी निळं झालं, मुळापासून टोकापर्यंत, मग काळं, मग एक दिवस शर्टाचं बटण लावताना गळून पडलं. नवीन आलं ते पत्र्यासारखं, पन्हाळ्या पन्हाळ्यांचं. आजही तसंच आहे. मावशीने विचारलं तेव्हा मी म्हणालो, दारात सापडलं. ती म्हणाली, 'दाराला कुणी दांडा लावतं वाटतं?' तिला कसं कळलं कुणास ठाऊक. तिच्या नवऱ्याबद्दल ती कधी बोलत नाही, त्यावरून अंदाज बांध.

हां, हाताच्या पट्टीचं राहिलं. परवा एक नवीन मुलगी कामाला आली. कुणी तिला टबाची रीत सांगितली नव्हती. तिने हात बुडवले आणि चटका बसल्यासारखे बाहेर ओढले. तिला घरी पाठवायचं, एवढंच मुकादमाचं काम. पण त्याने तिची दोन्ही मनगटं धरली, परत पाण्यात दाबली आणि तोंड तिच्या तोंडाजवळ नेऊन म्हणाला, 'आता हस. सगळे हसतात, तू पण हस.' ती हसली, ताई. रडता रडता दात दाखवले तिने. मी रांगेत तिच्या मागे होतो. शेजारचा लोखंडी ट्रे उचलला. पहिल्या फटक्यात त्याचं नाक फुटलं, ट्रेच्या कडेने माझा उजवा तळहात चिरला, टबातलं पाणी लाल झालं. दुसऱ्या फटक्यात तो खाली पडला. तिथे थांबलो असतो तर मीही म्हणालो असतो की चांगलं काम केलं. थांबलो नाही. छातीवर बसलो, ट्रे टाकला आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं कानशिलांशी धरून फरशीवर आपटलं. मग आपटायचंही सोडून दिलं आणि नुसतं दाबायला लागलो. सावकाश. थोडं, मग आणखी थोडं. डोळे बाहेर येतायत हे मी बघत होतो आणि मला घाई नव्हती. कारण कळलं ना तुला? मी दांडा फिरवत होतो. मावशीने केस धरून मला ओढून काढलं आणि कानफटात अशी दिली की अजून शिटी वाजते. 'मेला असता तर त्या पोरीलाच साक्षीला उभं राहावं लागलं असतं, गाढवा!' मुकादम जिवंत आहे. नाक वाकडं राहील म्हणतात. त्या मुलीने जाताना माझ्याकडे पाहिलं तेव्हा ती मुकादमाला घाबरली होती त्याहून जास्त मला घाबरली होती. त्या दिवशी मी एकही सालपट ओढलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात शांत होते. मला त्या शांतपणाची भीती वाटली. आता समजतं, अण्णा नंतर सिगारेट का पेटवायचे.

काम अर्थात गेलं. मावशीच्या खोलीत, तिच्या स्टोव्हशेजारी बसून हे लिहितोय. ती म्हणते, एवढं काय रामायण लिहितोस, बहिणीला की सरकारला? असो. आता तुझ्या मेसेजकडे येतो. हिवाळ्यापासून अण्णा तुझ्याकडे राहायला आलेत हे तू मागेच कळवलं होतंस. आता निवळलेत, हात थरथरतात, जुना बाक मागच्या पडवीत लावून दिलाय, भिंगरीला अवजारांची नावं शिकवतात. तू इतक्या हौसेने सांगितलंस की मी नुसतं 'छान' म्हणालो. तेव्हाच विचारायला हवं होतं की बाकाबरोबर आणखी काय आलं.

आज तो फोटो मावशीच्या फोनवर मोठा करून पाहिला. माझ्या फोनची काच फुटलीय. बोटांच्या कडा सोललेल्या आहेत, बरोबर, ती सवय. माझ्यासारखीच, मामावर गेलीय. पण डाव्या अंगठ्याचं नख निळं आहे, मुळापासून टोकापर्यंत. कुरतडून नख निळं होत नाही, ताई. मी जन्मभर कुरतडलंय, मला विचार. आणि ती हसतेय. सगळे दात दाखवून, डोळे मात्र कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी. ते हसू मी रोज सकाळी फाटकात पाहिलंय. आधी मला तुझाच राग आला. दांडा आता कोण फिरवतं, ताई? तुला बोलवतात का? कारण ते नख अर्ध्या फेऱ्याचं नाही. मग बराच वेळ मी सुतळीच्या गाठी सोडत बसलो आणि डोक्यात प्रकाश पडला. सवय विचारायला फोटो कशाला लागतो? तुझा फोन अण्णा बघत असणार, म्हणून तू सवयीबद्दल लिहिलंस आणि अंगठा दिसेल असा फोटो जोडलास. बाकाखाली माझ्या पायावर तुझा पाय पडलाय. कळलं मला. मी ओरडणार आहे. हे पत्र मावशीचा ट्रकवाला भाचा उद्या तुझ्या हातात देईल आणि मी परवा पोचेन. मधला दिवस मी मुद्दाम ठेवलाय, तो तुझा. भिंगरीला दुकानात घेऊन ये, तिला घरी परत नेऊ नकोस. अण्णांना काकांकडे पाठव, वृद्धाश्रमात पाठव, शेजाऱ्यांना गोळा कर, पोलिसांना बोलाव, काहीही कर, पण मी दारात उभा राहीन तेव्हा ते मला दिसता कामा नयेत. त्यांची दया येते म्हणून हे सांगत नाही. ते थरथरणारं पांढरं डोकं माझ्या हातांच्या मध्ये आलं तर मला ओढून काढायला तिथे मावशी नसेल, आणि सगळं भिंगरीच्या डोळ्यांसमोर होईल. वाइसचे बोल्ट मी आल्यावर काढतो, तेवढं काम माझ्या हातांसाठी राहू दे. आणि तू स्वतः दांडा धरला असलास तरी मी येणारच आहे. तुझा अर्धा फेरा मी विसरलेलो नाही. भिंगरीला सांग, मामा येतोय, गरम पाणी आणि छोटी कैची घेऊन. आणि मामासमोर हसलंच पाहिजे असं काही नाही.

बोटांसकट तुझाच,
उंदीर